विस्तव राखण्यापासून झडप बंद करण्यापर्यंत : घरातील ऊब आणि घरधन्याची अनुपस्थिती – एक ऐतिहासिक अभ्यास (विशेष संदर्भ : सीवूड्स, नवी मुंबई)

सारांश

घर सोडून काही दिवस बाहेर जाताना घरातील अग्नीचे काय करावे, हा प्रश्न मानवी वसाहतीइतकाच जुना आहे. थंड प्रदेशात तो हिवाळ्यात घर उबदार ठेवण्याच्या स्वरूपात उभा राहतो. महाराष्ट्रात, विशेषतः कोकण किनाऱ्यावर, त्याचे स्वरूप चूल, विस्तव आणि ओल यांच्याशी निगडित आहे. प्रस्तुत लेखात धर्मशास्त्रीय ग्रंथ, मराठी भाषेतील वाक्प्रचार, कोकणातील स्थलांतर, इंधनसाधनांतील बदल आणि सीवूड्ससारख्या नियोजित नागरी वसाहतीतील बंद सदनिका यांच्या आधारे या प्रश्नाचा आढावा घेतला आहे. पूर्वी घरातील ऊब माणूस मागे ठेवून राखली जात असे व ते माणूस बहुतांशी स्त्री असे, असे लेखाचे प्रतिपादन आहे. आधुनिक साधनांनी हा भार हलका केला. मात्र मागे राहिलेल्या माणसाने पार पाडलेले काम आपल्या इतिहासलेखनात नोंदले गेले नाही.

बीजसंज्ञा : विस्तव, चूल, चाकरमानी, स्थलांतर, बंद घर, स्त्रीश्रम, सीवूड्स.

१. प्रस्तावना

इतिहासाच्या अभ्यासात राजवटी, लढाया, करपद्धती आणि चळवळी यांना जे स्थान मिळाले, ते घराच्या आतील व्यवस्थेला मिळाले नाही. स्वयंपाकघर हा विषय गृहशास्त्राचा आणि इंधन हा विषय अर्थशास्त्राचा, अशी विभागणी आपण मान्य केली आहे. वास्तविक घरातील अग्नी हा कुटुंबसंस्थेचा केंद्रबिंदू आहे. भारतीय जनगणनेतही 'कुटुंब' ठरविताना एकाच स्वयंपाकघरात जेवणाऱ्या व्यक्तींचा गट हा निकष मानला जातो. म्हणजे आधुनिक शासनयंत्रणाही घर मोजताना प्रत्यक्षात चूलच मोजते.

प्रस्तुत अभ्यासासाठी सीवूड्स हे ठिकाण निवडण्यामागे दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे येथे थंडीचा प्रश्न जवळजवळ नाही. मुंबईत सांताक्रूझ येथे नोंदविले गेलेले नीचांकी तापमान ७.४ अंश सेल्सिअस असून ते २२ जानेवारी १९६२ चे आहे. खाडीकाठच्या या भागात थंडीसाठी घर तापविण्याची गरज भासत नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. सीवूड्स परिसरात सिडकोने अनिवासी भारतीयांसाठी उभारलेली, 'एनआरआय कॉम्प्लेक्स' या नावाने परिचित असलेली मोठी वसाहत आहे. मालक दूरदेशी असणार हे गृहीत धरून बांधलेली वसाहत, ही घरांच्या इतिहासातील लक्षणीय गोष्ट होय. त्यामुळे 'घरधनी नसताना घर कसे राहते' या प्रश्नाचा विचार करण्यास हे ठिकाण उचित वाटते.

२. धर्मशास्त्रातील प्रवासी गृहस्थ

घर सोडताना अग्नीची व्यवस्था लावण्याविषयीचे आपल्याकडील सर्वांत जुने नियम वैदिक सूत्रवाङ्मयात आढळतात. आश्वलायन गृह्यसूत्रानुसार विवाहापासून गृह्य अग्नीची सेवा गृहस्थाने स्वतः करावी अथवा पत्नी, पुत्र, कन्या किंवा शिष्य यांनी करावी. हा अग्नी अखंड राखावयाचा असतो. तो विझल्यास पत्नीने उपवास करावा, असे काही आचार्यांचे मत तेथेच नोंदविलेले आहे. सूत्रकाराने हे मत 'काहींचे' म्हणून दिले आहे, सर्वमान्य नियम म्हणून नव्हे, ही बाब लक्षात घेतली पाहिजे. तरीही अग्नी राखण्याची मुभा अनेकांना असताना तो विझल्याची जबाबदारी एकीवरच टाकणारा विचारप्रवाह त्या काळीही अस्तित्वात होता, एवढे त्यावरून निश्चित होते.

श्रौत अग्नी बाळगणाऱ्या आहिताग्नीने प्रवासास निघताना अग्नीचे उपस्थान करून निरोप घ्यावा, परत आल्यावर पुन्हा उपस्थान करावे आणि त्याच्या गैरहजेरीत नित्य होम इतरांकरवी चालू राहावा, अशी व्यवस्था श्रौतसूत्रांत सांगितली आहे. अग्नीसह स्थलांतर करावयाचे असल्यास 'समारोपण' हा विधी आहे. त्यात अग्नी अरणींमध्ये किंवा यजमानाने स्वतःमध्ये सामावून घेतला असे मानले जाते व मुक्कामी पोहोचल्यावर मंथनाने तो पुन्हा प्रकट केला जातो. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या खंडात गृह्य व श्रौत अग्नींविषयीच्या आचारांचा विस्तृत परामर्श घेतला आहे.

या विधिनियमांचे धार्मिक स्वरूप क्षणभर बाजूला ठेवले तर त्यांतील व्यवहार स्पष्ट होतो. घर सोडणाऱ्यापुढे दोनच पर्याय होते. एक तर मागे माणूस ठेवावयाचे किंवा अग्नी बरोबर न्यावयाचा. अग्नी विझवून, दाराला कुलूप लावून निघून जाणे हा पर्याय या चौकटीत अग्नीचा लोप ठरतो. अर्थात अशी व्रते पाळणारी कुटुंबे समाजात अल्पसंख्यच होती. बहुजन समाजाच्या चुलीचा इतिहास सूत्रग्रंथांत सापडत नाही. तो भाषेत शोधावा लागतो.

३. भाषेतील पुरावा

काडेपेटी घरोघर पोहोचण्यापूर्वी गारगोटी व चकमक यांच्या साहाय्याने ठिणगी पाडणे हे कष्टाचे काम होते. त्यामुळे रात्री निखारे राखेखाली पुरून ठेवणे आणि पहाटे राख बाजूला सारून, फुंकणीने फुंकून ते पुन्हा फुलविणे ही गृहिणीची नित्याची क्रिया होती. निखारे विझलेच तर शेजारून विस्तव आणला जाई. दोन व्यक्तींमधील वैर सांगताना 'दोघांमधून विस्तव जात नाही' असे आपण आजही म्हणतो. या वाक्प्रचाराचा अर्थ विस्तवाच्या देवघेवीच्या पार्श्वभूमीवर सहज उलगडतो. विस्तव देणे हे शेजारधर्माचे अगदी किमान लक्षण होते. तेही थांबले म्हणजे संबंध पूर्ण तुटले.

'चूल वेगळी मांडणे' म्हणजे कुटुंब विभक्त होणे. 'चूलबंद आमंत्रण' म्हणजे घरातील सर्वांना जेवणाचे निमंत्रण, ज्यामुळे त्या दिवशी त्या घरी चूल पेटविण्याची गरज पडत नाही. या शब्दप्रयोगावरून चूल बंद असणे ही विशेष प्रसंगाची बाब होती, असे अनुमान काढता येते. नवरात्रात घटाजवळचा अखंड दीप तेवत असेपर्यंत घर बंद करून जाऊ नये, हा अनेक घरांत पाळला जाणारा संकेतही याच जाणिवेचा अवशेष होय. येथेही दिव्यासाठी कोणीतरी घरी थांबते आणि ते कोण थांबते, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. मध्ययुगीन युरोपातील नगरांत रात्री ठराविक वेळी घंटा वाजवून घरातील आगी झाकण्याची सूचना दिली जाई. संचारबंदीसाठी वापरला जाणारा 'कर्फ्यू' हा शब्द 'आग झाका' या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दांवरून आला आहे. तेथे लाकडी घरांच्या दाट वस्तीला आगीपासून वाचविणे हा हेतू होता. मात्र निखारा झाकून सकाळपर्यंत जिवंत ठेवण्याची कृती दोन्हीकडे सारखीच होती.

४. कोकणातील घर, धूर आणि चाकरमानी

कोकणातील पारंपरिक घर जांभ्या दगडाचे किंवा मातीच्या भिंतींचे, लाकडी वासे-रिपांचे आणि गवताने अथवा कौलांनी शाकारलेले असे. जून ते सप्टेंबर या काळात तेथे सुमारे तीन हजार मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. अशा हवेत घराचा खरा शत्रू थंडी नसून ओल होय. चुलीचा धूर वर चढून वाशांतून व कौलांच्या फटींतून बाहेर पडे. त्यामुळे छपराचे लाकूड कोरडे राही आणि त्यावर धुराचा थर बसून कीड व वाळवीला काही प्रमाणात अटकाव होई. चुलीवरच्या माळ्यावर बियाणे, सुकी मासळी आणि पावसाळ्याची बेगमी ठेवण्यामागेही हेच कारण होते. न्हाणीघरातील चूल किंवा तांब्याचा बंब, बाळंतिणीच्या खोलीतील शेगडी आणि थंडीत अंगणात पेटणारी आगटी ही याच व्यवस्थेची अन्य अंगे होत.

परिणामी, कोकणातील घर बंद करणे म्हणजे ते ओलीच्या स्वाधीन करणे होते. एकदोन पावसाळे चूल पेटली नाही की भिंतींना ओल येते, वासे कुजू लागतात, वाळवी लागते आणि अखेर छप्पर खचते. थंड देशात रिकाम्या घरातील नळ गोठून फुटतो. कोकणात रिकाम्या घराचे आढे मोडते. घराला ऊब हवी, हा नियम दोन्ही ठिकाणी लागू पडतो.

याच प्रदेशातून मुंबईकडे मोठे स्थलांतर झाले, हे सर्वश्रुत आहे. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापड गिरणीची स्थापना केली व त्यानंतरच्या दशकांत गिरण्यांचा विस्तार झाला. रत्नागिरी जिल्हा हा गिरणी कामगारांचा प्रमुख पुरवठादार ठरला. पुरुष मुंबईला, कुटुंब गावी आणि दरमहा मनीऑर्डर, अशी ही रचना होती. या रचनेचे स्पष्टीकरण बहुधा अल्प वेतन, मुंबईतील जागेची टंचाई आणि गावाकडील शेती या कारणांनी दिले जाते. ही कारणे योग्यच आहेत. तथापि त्यांत आणखी एका कारणाची भर घालणे आवश्यक वाटते. गावाकडचे घर उभे राहावयाचे असेल तर तेथे चूल पेटती राहणे भागच होते. चाकरमान्याला गणपती-शिमग्याला परत येण्यासाठी घर शिल्लक राहिले, ते मागे राहिलेल्या स्त्रीने प्रत्येक पावसाळ्यात ओल्या लाकडांशी झटापट करीत, धुराने डोळे चोळीत विस्तव राखला म्हणून. मनीऑर्डरची नोंद टपाल खात्याच्या कागदोपत्री झाली. या कामाची नोंद कोठेच झाली नाही.

या स्थलांतराचा ठसा जनगणनेत आजही दिसतो. २०११ च्या जनगणनेत राज्यात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया असताना रत्नागिरी जिल्ह्यात हे प्रमाण ११२२ होते. ही संख्या स्त्रियांच्या सुस्थितीची निदर्शक नसून पुरुषांच्या अनुपस्थितीची निदर्शक आहे.

चूल मागे ठेवून आलेल्या पुरुषाला मुंबईतही चुलीची गरज होतीच. गिरणगावातील एकेका गाळ्यात अनेक पुरुष एकत्र राहत आणि खाणावळीत जेवत. या खाणावळी प्रामुख्याने स्त्रिया चालवीत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने या खाणावळवाल्या स्त्रियांना संघटित केले. एका पुरुषाच्या स्थलांतरामागे अशा प्रकारे दोन ठिकाणच्या दोन चुली जळत होत्या आणि दोन्हींपाशी स्त्रीच बसलेली होती.

५. काडेपेटी, स्टोव्ह आणि गॅस

विस्तव राखण्याच्या सक्तीला पहिला धक्का काडेपेटीने दिला. एकोणिसाव्या शतकात परदेशी काडेपेट्या भारतात येऊ लागल्या. पुढे स्वीडिश भांडवलातून १९२३ साली वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजेच 'विमको', स्थापन झाली व मुंबईजवळ अंबरनाथ येथे तिचा कारखाना चालू झाला. एका काडीत विस्तव निर्माण होऊ लागल्यावर तो रात्रभर जपण्याची आणि शेजारून मागून आणण्याची गरज उरली नाही. शेजाऱ्यांमधील एक दैनंदिन दुवाही त्याबरोबर नाहीसा झाला.

दुसरा बदल रॉकेलच्या स्टोव्हने घडविला. १८९० च्या दशकात स्वीडनमध्ये विकसित झालेला 'प्रायमस' स्टोव्ह पुढे शहरी मध्यमवर्गाच्या स्वयंपाकघरात स्थिरावला. चुलीत राखेखाली निखारा उरतो. स्टोव्ह विझला की काहीच उरत नाही. हवे तेव्हा पेटविणे आणि काम संपताच पूर्ण विझविणे, ही आज स्वाभाविक वाटणारी सवय येथपासून रुजली.

तिसरा बदल गॅसचा. १९५० च्या दशकाच्या मध्यास बर्मा शेल कंपनीने मुंबईत घरगुती वापरासाठी द्रवरूप पेट्रोलियम गॅसची विक्री सुरू केली. १९९५ साली महानगर गॅस लिमिटेडची स्थापना झाली आणि कालांतराने मुंबई, ठाणे व नवी मुंबईतील अनेक इमारतींत नळाद्वारे नैसर्गिक वायू पोहोचला. या टप्प्यावर घर सोडतानाची मूळ सूचनाच पालटली. पूर्वी निघणाऱ्याला सांगितले जाई, 'विस्तव राखायला कोणीतरी ठेवा'; आता सांगितले जाते, 'गॅस बंद केला का ते पाहा.' अग्नी नसणे ही अवस्था अशुभ न राहता सुरक्षित ठरली.

या सूचनेमागील शास्त्रही समजून घेण्यासारखे आहे. सिलिंडरमधील वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास जमिनीलगत साचतो. नळातून येणारा नैसर्गिक वायू मुख्यत्वे मिथेन असल्याने वर चढतो. दोहोंना मुळात वास नसतो. गळती लक्षात यावी म्हणून उग्र वासाचे द्रव्य त्यांत मिसळले जाते. बंद घरात मात्र तो वास घेणारे कोणी नसते. म्हणून प्रवासाला निघताना शेगडीची कळ फिरविणे पुरेसे नसून सिलिंडरचा रेग्युलेटर किंवा नळावरील मुख्य झडप बंद करणे अगत्याचे असते. तसेच परतल्यावर वास आल्यास विजेच्या कोणत्याही बटणाला हात न लावता प्रथम दारे-खिडक्या उघडावयाच्या असतात.

हा बदल सर्वत्र एकाच वेळी झाला, असे मात्र मानता येणार नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४९ टक्के कुटुंबे स्वयंपाकासाठी जळाऊ लाकूड वापरत होती. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेमुळे ग्रामीण घरांत गॅसजोडण्यांची संख्या मोठ्या प्रमाणावर वाढली. तरीही कोकणातील कित्येक घरांत गॅसच्या शेगडीशेजारी पाणी तापविण्याची चूल टिकून आहे.

६. थंड प्रदेशातील मराठी घर

१९६५ साली अमेरिकेच्या स्थलांतरविषयक कायद्यात बदल झाल्यानंतर तेथे जाणाऱ्या उच्चशिक्षित मराठी कुटुंबांची संख्या वाढली. १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन होईपर्यंत उत्तर अमेरिकेतील मराठी समाजाने लक्षणीय आकार घेतला होता. या कुटुंबांना घराच्या उबेचा प्रश्न प्रथमच त्याच्या मूळ स्वरूपात भेटला. भारतभेटीचा सोयीचा काळ म्हणजे नाताळची सुटी आणि त्याच वेळी तेथे कडाक्याची थंडी. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी प्रसरण पावते, त्यामुळे भिंतीतील नळ फुटतात आणि बर्फ वितळताच रिकाम्या घरात पाणी भरते.

यावरील उपाय म्हणजे घर रिकामे असतानाही ते किमान उबदार ठेवणे. रिकाम्या घराचे तापमान सुमारे ५५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे १३ अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ देऊ नये, असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो. याखेरीज पाण्याची मुख्य तोटी बंद करणे, नळांतील पाणी काढून टाकणे आणि शेजाऱ्याकडे किल्ली देऊन अधूनमधून घर पाहावयास सांगणे, ही दक्षता घेतली जाते. सीवूड्समध्ये हिवाळ्यातील अगदी थंड रात्री जेवढे तापमान असते, साधारण तेवढेच तापमान तेथील रिकाम्या घरात पैसे खर्चून राखावे लागते, ही तुलना बोलकी आहे.

हे राखण्याचे काम तापनियंत्रक यंत्र करते. वॉरन जॉन्सन यांनी १८८३ साली अमेरिकेत खोलीसाठीच्या विद्युत तापनियंत्रकाचे एकस्व घेतले. त्यापूर्वी तेथेही भट्टीत कोळसा घालण्यास कोणीतरी घरात असावे लागे. आश्वलायनाने पत्नी, पुत्र, कन्या वा शिष्य यांच्याकडे सोपविलेले काम या भिंतीवरील पेटीने स्वीकारले, असे म्हणता येईल. शेजाऱ्याकडील किल्लीची गरज मात्र तिने संपविली नाही.

७. सीवूड्स : बंद सदनिकांचे व्यवस्थापन

सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि १ जानेवारी १९९२ पासून नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली. सीवूड्सच्या नियोजित विभागांलगत करावे आणि दारावे ही आगरी-कोळी समाजाची जुनी गावे आहेत. एकाच परिसरात पिढ्यान्‌पिढ्या वसती असलेली गावठाणातील घरे आणि वर्षातील बराच काळ बंद राहणाऱ्या सदनिका शेजारी-शेजारी असणे, हे या ठिकाणाचे वैशिष्ट्य होय.

येथील सदनिकेत ऊब निर्माण करणारी साधने दोनच : स्वयंपाकाचा गॅस आणि पाणी तापविण्याचा गिझर. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे ०.६ युनिट वीज लागते. गिझर चालू राहिला तर पाणी निवताच तापनियंत्रक ते पुन्हा तापवितो आणि घरी कोणी नसतानाही हे चक्र चालू राहते. म्हणून निघताना केवळ गिझरवरील दिवा न पाहता त्याचे मुख्य बटण बंद करणे इष्ट ठरते.

परंतु झडप व बटण बंद केल्याने प्रश्नाचा अर्धाच भाग सुटतो. विस्तव गेला, ओल राहिली. खाडीवरील दमट वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे बंद सदनिकेत कपाटे, गाद्या आणि पुस्तके यांना बुरशी लागते. हवेतील सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी वाढण्यास पोषक स्थिती निर्माण होते. कोकणातील घरात चूल जे काम आपोआप करीत होती, त्यासाठी येथे पंधरा दिवसांनी येऊन खिडक्या उघडणारे, पंखे फिरविणारे, कपाटांची दारे सताड उघडी ठेवणारे माणूस लागते. हे माणूस बहुधा शेजारीण, बहीण, सून किंवा पूर्वी त्या घरी काम करणारी मावशी असते. किल्लीच्या जुडग्याबरोबर आलेली ही जबाबदारी क्वचितच काम म्हणून मोजली जाते.

दुसरीकडे कोकणातील मूळ घरांची स्थिती विचार करावयास लावणारी आहे. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली १६,९६,७७७ होती, ती २०११ साली १६,१५,०६९ पर्यंत खाली आली. पूर्वी पुरुष जात व स्त्री मागे राही. नंतरच्या पिढीत संपूर्ण कुटुंबे स्थलांतरित होऊ लागली. मुलांच्या शिक्षणासाठी व संसारासाठी स्त्रीनेही मुंबई-नवी मुंबईची वाट धरली, यात गैर काहीच नाही. विस्तव राखण्यासाठी मागे राहण्याच्या सक्तीतून तिची सुटका होणे, हे स्वागतार्हच मानले पाहिजे. मात्र तिच्याबरोबर चूलही गेली आणि गावाकडचे घर प्रथमच खऱ्या अर्थाने बंद झाले. आज गणपतीपूर्वी घर उघडताना कोसळलेली पडवी पाहून हळहळणाऱ्यांनी, ते घर इतकी वर्षे कोणाच्या श्रमावर उभे होते, याचाही विचार करावयास हवा.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) घर सोडून जाताना घरातील उबेची व्यवस्था लावणे ही केवळ थंड प्रदेशातील समस्या नाही. तेथे तिचा संबंध गोठणाऱ्या पाण्याशी, तर कोकण किनाऱ्यावर ओलीशी आहे.

२) सूत्रवाङ्मय, वाक्प्रचार आणि स्थलांतराचा इतिहास या तिन्ही साधनांतून असे निदर्शनास येते की, एकाचे प्रवासास जाणे हे दुसऱ्याच्या मागे राहण्यावर अवलंबून होते व मागे राहणारी व्यक्ती बहुतांशी स्त्री होती.

३) काडेपेटी, स्टोव्ह आणि गॅस यांनी 'विस्तव राखणे' या कर्तव्याचे रूपांतर 'झडप बंद करणे' या कृतीत केले. त्यामुळे घर पूर्णपणे बंद करून जाणे शक्य झाले.

४) यंत्राने अग्नीची जबाबदारी घेतली, घराकडे लक्ष ठेवण्याची जबाबदारी मात्र आजही माणसाकडेच आहे. सीवूड्समधील बंद सदनिका याचे उदाहरण होय.

५) कोकणातील स्थलांतराच्या अभ्यासात मनीऑर्डर, वेतन आणि लिंगगुणोत्तर यांच्या जोडीने गावाकडील घर टिकविण्याच्या श्रमांचा स्वतंत्रपणे विचार होणे गरजेचे आहे. ज्या स्त्रियांनी अनेक पावसाळे एकटीने चूल पेटती ठेवली, त्यांपैकी अनेकजणी आज वृद्धावस्थेत नवी मुंबईतील मुलांच्या घरी राहत आहेत. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडून त्यांच्या आठवणी मौखिक इतिहासाच्या पद्धतीने नोंदवून घेतल्यास हे साधन कायमचे हरपण्यापूर्वी अभ्यासकांच्या हाती येऊ शकेल. इतिहास विभागांनी हे काम तातडीने हाती घ्यावे, असे येथे सुचवावेसे वाटते.